जाळीला शिवलेली कुंची

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या भागात हवेत दोनच गोष्टी उडतात, कुसळं आणि किडे. बाजरीची खळी उरकलेली असतात, ज्वारी गुडघ्याला लागलेली असते आणि बांधावरचं गवत वाळून त्याचं कुसळ झालेलं असतं. लुगड्याच्या काठाला टोचत ते घरात येतं, अंथरुणात येतं, एकदा तर माझ्या भाकरीच्या पिठातही निघालं होतं. लोकांना या दिवसांत फराळाचे वास आठवतात. मला मोटारीच्या पुढच्या जाळीचा वास येतो. तापलेलं लोखंड, करपलेला पतंग आणि त्यावर ओतलेलं विहिरीचं पाणी.

परवा मुलगा नगरजवळच्या नागापूरहून नवी गाडी घेऊन सोनईला आला. कारखान्यात त्याला बढती मिळाली, त्याची ही गाडी. घरातले सगळे गाडीभोवती फिरून रंग बघत होते, सूनबाई नारळ आणायला धावली. मी मात्र पदर खोचून गाडीच्या तोंडाशी वाकले. गुडघे कुरकुरले, तरी वाकले. पत्र्याच्या बारीक पात्यांमध्ये नाकतोड्याची एक तंगडी, पांढऱ्या पंखांचा चुरा आणि मूठभर कुसळं अडकली होती.

"आई, तिथं काय बघतेस?"

"तुझा रस्ता बघते," मी म्हणाले.

तो हसला आणि नळाला रबरी पाइप लावून पुढून पाणी मारू लागला. मी त्याचा हात धरला. "पुढून नको. पुढून मारलंस की किडे आत जाऊन बसतात. झाकण उघड आणि मागून मार. आणि तार घालू नकोस, पाती दुमडतात. केरसुणीची काडी घे."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुझ्या वडिलांनी."

वडील म्हणजे त्याच्यासाठी भिंतीवरचा खाकी कपड्यातला फोटो. फोटोतल्या माणसाला जाळी साफ करता येत होती हे त्याला कसं माहीत असणार? मीच कधी सांगितलं नव्हतं.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी पुढे शिकले, शाळेत बाई झाले, शेकडो पोरींना नाव-गाव धीटपणे सांगायला शिकवलं, पण ते एक नाव माझ्या तोंडून येत नाही. या लेखातही यायचं नाही. 'हे' म्हटलं की तेच, असं समजावं.

हे सोनई ते नगर सर्व्हिस मोटार चालवत. मोटार मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. गावातली पहिली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, पेट्रोल मोजून मिळे, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली होती. त्या भट्टीच्या गॅसवर मोटार चाले, म्हणजे चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलली तर चाले. परवाना बावीस माणसांचा होता आणि बसत चाळीस, शिवाय टपावर कोंबड्यांच्या पाट्या. सकाळी उजाडता निघायची आणि दिवेलागणीच्या आधी परत यायची. आली की गावातली निम्मी पोरं आणि सगळी कुत्री वेशीपासून मागे लागत.

माझ्या लग्नाला तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. घरात आम्हा दोघांना बोलायला जागा नव्हती. जागा होती हो, सहा खणांचं घर होतं, पण प्रत्येक खणात कुणी ना कुणी होतं आणि सासू-सासऱ्यांच्या देखत नवरा-बायकोनं बोलणं म्हणजे निर्लज्जपणाचा कळस. मामंजींशी तर मी दोन वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. पाणी ठेवलं की भिंतीकडे बघून म्हणायचं, "पानी ठिवलंय म्हनावं." भिंतीनं ते त्यांना सांगावं अशी अपेक्षा.

पण मोटारीला पाणी लागे, आणि ते आणायचं काम माझ्याकडे होतं. दोन घागरी घेऊन मी अंगणात जायची. हे मोटारीच्या तोंडावरचं झाकण उचलायचे आणि मागच्या बाजूनं जाळीवर पाण्याचा हबका मारायचे. मी पुढे उकिडवी बसून काडीनं एकेक किडा काढायची. मध्ये ते वर केलेलं झाकण. ओसरीवरून बघणाऱ्याला माझं डोकं दिसायचं नाही आणि त्यांचे नुसते पाय दिसायचे. त्या आडोशाला आमचा संसार झाला म्हणायला हरकत नाही.

"ह्यो चतुर कुठला?" मी विचारायची.

"घोडेगावच्या वढ्यावरचा."

"आन ह्यो हिरवा?"

"त्यो इमामपूरच्या घाटातला. तिथं लई असत्यात. त्वांडात बी जात्यात."

"आन हे फुलपाखरू?"

"ते आपल्याच शिवारातलं. मला बघाया आलं हुतं."

"मंग मारलं कशापाई?"

जाळीतून पाणी टपकत होतं. "म्या न्हाई मारलं," ते म्हणाले. "ते मधी आलं."

मोटारीच्या मालकाची सून असून मी त्या मोटारीत एकदाच बसले होते, लग्नात. नगर मी पाहिलं ते असं, काडीच्या टोकावर. घाट कुठे लागतो, ओढा कुठे लागतो, कुठल्या गावाबाहेर खळी चालू आहेत, सगळं जाळीत असे. जेऊरच्या खळ्यांचा भुसा वेगळा आणि आमचा वेगळा, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. आज हे लिहिताना हसू येतं. मेलेल्या किड्यांवर इतका जीव लावणारी बाई दुसरी झाली नसेल.

त्याच सीझनला मला दिवस गेलेले होते. पाचवा लागला तसं आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला एकदा जाळीशी बसलेलं पाहिलं. "पोटुशी बाईनं मेल्या जिवांत बोटं घालू न्हाईत. पोराला बाधतं." कोंबडी साफ करताना हा नियम लागू नव्हता, पण तेव्हा मला तोंड नव्हतं. माझं जाळीपाशी जाणं बंद झालं. दिवसभर धूळ खाऊन आलेला माणूस एकटाच पाणी मारतो, एकटाच पुढे येऊन काडी घालतो, पुन्हा मागे जातो, हे मी चुलीपाशी बसून दारातून बघायची. तो आडोसा गेला याचं दुःख जास्त होतं की त्यांच्या दमण्याचं, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

पोराची कुंची जन्माच्या आधी शिवायची नसते, अपशकुन होतो. माझे हात तर शिवशिवत होते. मग मी मोटारीची शिवली. आत्याबाईंचं एक विरलेलं लुगडं होतं, त्याचं दुहेरी फडकं, चारी टोकांना नाड्या, वरच्या कडेला कुंचीला घालतात तशी बारीक चुणी. जाळीवर बांधली की किडे बाहेरच्या बाहेर राहावेत. पाणी द्यायच्या निमित्तानं मी ती यांच्या हातात दिली.

हे पोट धरून हसले. "आगं, हिला वारं लागतं. नाक बांधल्यावर मानूस जगंल का?"

"विरलेलं हाय. वारं जातंय की त्यातनं."

"न्हाई गं चालायचं ते."

माझं तोंड उतरलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना चारी नाड्या नीट गाठी मारून बांधल्या. संध्याकाळी मोटार आली ती कुंची घालूनच आली. पंधरा दिवस असंच चाललं. जाळीत किडे निघत, पण थोडे. मला वाटलं, मोटारीला चाललं. आपल्याला ड्रायव्हरापेक्षा जास्त कळतं, असंही वाटलं. तो गर्व आता आठवला तरी अंगावर काटा येतो.

मग एक दिवस मामंजींना नगरला कचेरीत काम निघालं. ते धुतलेला फेटा बांधून पुढे यांच्या शेजारी बसले. मी दारातून पाहिलं. बाप-लेक शेजारी शेजारी, पुढे माझी कुंची, आणि मागे चाळीस माणसांचा कालवा. मला फार बरं वाटलं होतं.

त्या दिवशी मोटार परत आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती बैलांनी ओढत. चार बैल पुढे जुंपलेले, हे आत चाक धरून बसलेले आणि मामंजी पुढच्या बैलगाडीत, मागे वळून न बघता. मागे पोरं होती, पण आरडाओरडा नव्हता. उतारूंकडून कळलं ते असं. घाटात निम्म्या चढाला मोटार उकळली, वाफेचा लोट निघाला. हे खाली उतरले, पुढे जाऊन काहीतरी केलं आणि सगळ्यांना म्हणाले, "लांब सावलीला बसा. थंड हू द्या." मग चाकांना दगड लावायला मागे गेले. तेवढ्यात मोठा आवाज झाला आणि इंजिन तडकलं.

अंगणात उतरल्यावर हे माझ्या जवळून गेले. हाताला हात लागला म्हणून मी दचकले. फडक्याची घट्ट गुंडाळी माझ्या मुठीत होती. "चुलीत घाल," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "आन कुनाला बोलू नगंस." मी ती चुलीत घातली. विरलेलं कापड, क्षणात गेलं.

नगरहून मिस्त्री आला, त्यानं बोट घालून भेग दाखवली आणि युद्ध संपल्याशिवाय नवा भाग मिळायचा नाही असं सांगून चहा पिऊन गेला. त्या संध्याकाळी ओसरीवर गावातली दहा माणसं बसली असताना मामंजी म्हणाले, "ह्याच्या हातात मोटार दिली हे चुकलं. ह्याच्या हातात बैलाचा कासरा बी देऊ न्हाई." हे खाली मान घालून उभे होते. मी दाराच्या आत. एक वाक्य पुरलं असतं. 'मामंजी, जाळीला फडकं मी शिवलं होतं.' एवढंच. पण सून दहा माणसांत बोलते हे त्या घरात कधी घडलं नव्हतं, आणि यांनीच तर गप्प राहायला सांगितलं होतं. मी दाराची कडी धरून उभी राहिले, इतकी घट्ट की तळव्यावर वळ उठला.

पुढचे दहा दिवस मामंजी यांच्याशी बोलले नाहीत. नगरच्या लष्करात तेव्हा ड्रायव्हर हवे होते. एके दिवशी हे केस बारीक कापून आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "भरती झालो." निघायच्या सकाळी आत्याबाईंनी ओवाळलं आणि मला त्यांच्या हातावर दही घालायला सांगितलं. मी घातलं. भोवती सगळं घर. मला म्हणायचं होतं, जाऊ नका. मी म्हणाले, "भाकरी पिशवीत वरच हाये."

त्यानंतर चौथा-पाचवा दिवस असेल. मोटार अंगणातच उभी होती, तिच्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या होत्या. मी शेणाची पाटी घेऊन गेले तर मामंजी मोटारीच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात काडी होती. ज्या मोटारीला आता चालायचंच नव्हतं, तिच्या जाळीतले किडे ते एकेक करून काढत होते. नांगराची बोटं ती, काडी धरता येत नव्हती, पाती दुमडत होती. मला काय झालं कुणास ठाऊक. मी भिंतीकडे न बघता बोलले.

"मामंजी, त्येंचा काय बी दोष न्हाई. जाळीला फडकं म्या शिवलं हुतं. म्याच बांधाया लावलं."

त्यांनी वळून पाहिलं नाही. सुनेकडे पाहायची रीत नव्हती. जाळीतून त्यांनी आणखी एक किडा काढला. मग ते म्हणाले, "पानी म्या ओतलं, पोरी."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. हे चाकांना दगड लावायला गेले तेव्हा मामंजी एकटेच पुढे होते. वाफ बघून त्यांचा जीव घाबरला. त्यांनी मोटारीतली भरली घागर उचलली आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं. "दमल्या बैलाला लगोलग पानी दावू न्हाई, हे म्या साऱ्या गावाला शिकिवतो. आन सोता..." त्यांनी हातातली काडी मोडली. "म्हनून त्याला बोललो. चार मानसांत बोललो. माझंच झाकाया."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नगरला गेले, मुलाला परत आणायला. तिसऱ्या दिवशी एकटेच आले. "आगगाडी गेली," ते भिंतीला म्हणाले, मला ऐकू जाईल असं. "सही केलेला मानूस आता सरकारचा."

मग आम्ही पत्र लिहिलं. माहेरी माझी चौथी झाली होती, हे त्या दिवशी घराला उपयोगी पडलं. मामंजी ओसरीवर, मी दाराच्या आत, मध्ये उंबरा. "लिव. पानी म्या ओतलं. तुझा दोष न्हाई. आन लिव..." पुढे त्यांना सुचेना. "लिव की, पोरा, ह्यो बाप तुला बोलला ते..." तेही राहिलं. शेवटी मी माझी म्हणून एक ओळ खाली घातली, फडक्याचं मामंजींना सांगितलं आहे. दुसरं काही लिहायची छाती झाली नाही, कारण लिहिलेलं वाचून दाखवायचं होतं.

मुलगा फाल्गुनात झाला आणि यांचं उत्तर चैत्रात आलं. कुठून आलं ते कळू नये म्हणून सरकारनं त्यातल्या दोन ओळी काळ्या शाईनं खोडल्या होत्या. 'तीर्थरूप आबास साष्टांग नमस्कार' असं वर, आबा म्हणजे मामंजी. बायकोला वेगळं पत्र लिहायची पद्धत नव्हती. मी उंबऱ्याच्या आत बसून मोठ्यानं वाचू लागले. तब्येत बरी आहे. इथे झाडी फार. इथेही जाळीत किडे येतात, मोठे येतात. आणि मग त्या चार ओळी आल्या. माझी नजर पुढे गेली आणि जीभ थांबली. त्यात मी होते. जे आडोशालाही कधी बोललं गेलं नव्हतं ते त्यांनी बापाला लिहिलं होतं, आणि ते मी मोठ्यानं, मामंजींना, आत्याबाईंच्या देखत वाचायचं होतं. मी चार ओळी गाळल्या आणि शेवटचा नमस्कार वाचला. सरकारनं दोन खोडल्या, मी चार.

"पान्याचं काय लिवलंय?" मामंजींनी विचारलं.

"काय न्हाई, मामंजी."

"असू दे," ते म्हणाले, पत्र कपाळाला लावलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

त्या पत्रानंतर पत्र आलं नाही. सरकारी कागद आला, त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. माणूस मेला तर रडता येतं. बेपत्ता माणसाचं काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी कुंकू पुसलं नाही आणि दिवाळीला नवं लुगडंही नेसले नाही.

मामंजी त्यानंतर नऊ वर्षं जगले. दर वर्षी किड्यांचे हे दिवस आले की ते खिशातून पत्र काढत, उंबऱ्यावर ठेवत आणि म्हणत, "वाच जरा." मी वाचायची आणि दर वर्षी तिथे आले की माझी नजर उडी मारायची. वाचून दाखवावं असं मला वाटलं नाही का? दर वर्षी वाटलं. पण पहिल्या दिवशी 'काय न्हाई' म्हटलं होतं. आता वाचलं तर इतकी वर्षं मी लपवलं हे कळणार. खोटं एका वर्षाचं असतं तेव्हा काढता येतं, चार वर्षांचं झालं की ते पात्यांत रुतून बसतं. दरम्यान मी परीक्षा दिल्या, शाळेत लागले, आणि वाचताना ओळ गाळणाऱ्या पोरींच्या हातावर पट्टी मारू लागले. आणखी एक खरं सांगायचं तर, सगळं पत्र मामंजींचं होतं आणि तेवढ्या चार ओळी माझ्या होत्या. त्या कुणाला द्याव्यात असं मला वाटत नव्हतं. सुटकेची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याच्या खिशात त्याची सुटका आहे, आणि त्याला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी दिली नाही.

ते गेले तो दिवसही कार्तिकातलाच. घर माणसांनी भरलेलं, सासर-माहेर दोन्हीकडचे पाव्हणे. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. सगळ्यांदेखत मला बोलावण्याची ती पहिली वेळ. "पोरी," ते म्हणाले, "पान्याचं त्यानं काय बी..." मी डोईवरचा पदर पुढे ओढला आणि वाकले. तीस माणसं आमच्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "पानी देऊ का, मामंजी?" त्यांनी मान हलवली नाही. मी चमच्यानं पाणी घातलं, ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं.

पत्र त्यांच्या बंडीतून मी काढून घेतलं. त्यातलं खरं किती आणि बापासाठी रचलेलं किती, हे मला आजही ठरवता येत नाही. आता ऐकायचं ज्यांनी ते कुणी उरलं नाही आणि लाजायचं ज्यांना तेही कुणी उरलं नाही. त्या चार ओळी अशा आहेत:

'आबा, रिकामी घागर पाह्यली तवाच मला समजलं हुतं, पन इंजन तुमी पानी ओतायच्या आधीच गेल्तं, म्या कानानं ऐकलं हुतं, तुमचा काय बी दोष न्हाई. फडकं म्या रोज घोडेगावच्या अलीकडं सोडून ठिवायचो आन येताना जाळी झाडून परत बांधायचो. त्या दिशी तुमी शेजारी हुता, बायकूनं शिवलेलं तुमच्यादेखत सोडाया लाज वाटली. न्हाई चालत म्हनून तिला सांगाया पायजे हुतं, पन ती लई हौसेनं शिवून बसली हुती, माझ्यानं सांगवलं न्हाई.'